साहित्याचा समाजशास्त्रीय अभ्यास कसा करावा: नव्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शन

एखादी कादंबरी किंवा नाटक घेऊन त्याचा समाजशास्त्रीय अभ्यास करायचे ठरले, की बहुतेक नवे अभ्यासक सुरुवात एकाच पद्धतीने करतात. पुस्तकात जे जे सामाजिक दिसते, म्हणजे दारिद्र्य, विवाह, शोषण, स्थलांतर, ते अधोरेखित करायचे, इतिहासाच्या ग्रंथांतून त्या काळाची माहिती काढायची आणि दोन्ही शेजारीशेजारी मांडून ‘या कलाकृतीत तत्कालीन समाजाचे प्रतिबिंब पडले आहे’ असे लिहून मोकळे व्हायचे. हे विधान सहसा खोटे नसते. अडचण अशी, की ते पुस्तक उघडण्यापूर्वीही लिहिता आले असते. समाजातली एखादी गोष्ट संहितेत येईपर्यंत तिच्यावर बरेच संस्कार होतात: लिहिण्याची सवड कोणाला आहे, छापतो कोण, विकत कोण घेतो, कोणता वाङ्मयप्रकार प्रतिष्ठित आहे, नाकारले काय जाते. या मधल्या साखळीचा शोध घेण्यातच अभ्यासाचे बहुतेक श्रम खर्ची पडतात, आणि पडावेत.

पुढील टप्पे पदव्युत्तर प्रबंधिका, शोधनिबंध किंवा पीएच.डी.चा आराखडा यांपैकी कशासाठीही वापरता येतील. मी या वाटेने गेलो आहे आणि नंतर इतरांचे आराखडे वाचण्याचे कामही केले आहे. अडखळण्याच्या जागा बहुतेकांच्या सारख्याच असतात.

१. तुमचा प्रश्न कुठे उभा आहे ते ठरवा

फ्रेंच अभ्यासक रोबेर एस्कार्पी याने १९५८ साली साहित्याच्या समाजशास्त्रावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले आणि साहित्यव्यवहाराची विभागणी निर्मिती, वितरण व उपभोग अशी केली. त्याच्या सगळ्याच मतांशी सहमत व्हायची गरज नाही, पण कामाला लागताना ही विभागणी फार उपयोगी पडते. तिच्यात संहितेची भर घाला, म्हणजे चार ठिकाणे हाती येतात: लेखक, संहिता, पुस्तकाचा व्यवहार आणि वाचक.

तुमचा प्रश्न यांपैकी कोणत्या ठिकाणी आहे हे एका वाक्यात लिहा. ‘अमुक पिढीतील लेखक कोणत्या थरांतून आले’ हा लेखकांविषयीचा प्रश्न आहे, तर ‘कष्टकरी पात्रांना कादंबरीत स्वतःचा आवाज मिळतो का’ हा संहितेविषयीचा. पहिल्याचे उत्तर चरित्रकोशांत आणि दुसऱ्याचे निवेदनात शोधावे लागते. दोन ठिकाणांचा संबंध जोडणारा प्रश्न उत्तम, पण चारही ठिकाणे एकाच प्रबंधात घेण्याचा मोह टाळा, कारण असे आराखडे मंजूर होतात आणि पूर्ण मात्र होत नाहीत.

२. साहित्य आणि साधने जमवा

प्रत्येकाला यातले सगळे लागणार नाही, पण यादी समोर असली म्हणजे काय उपलब्ध नाही ते लवकर कळते आणि प्रश्न वेळीच बदलता येतो.

- अभ्यासाच्या संहितांच्या पहिल्या आवृत्त्या किंवा त्यांच्या छायाप्रती. नंतरच्या आवृत्त्यांत प्रस्तावना, अर्पणपत्रिका, किंमत आणि जाहिरातींची पाने गाळलेली असतात, आणि समाजशास्त्रीय अभ्यासाला नेमकी तीच लागतात.
- त्या काळातील नियतकालिकांचे अंक. परीक्षणे, वाचकांची पत्रे आणि पुस्तकांच्या जाहिराती या तिन्हींच्या स्वतंत्र नोंदी करा.
- प्रकाशकांच्या सूची, ग्रंथालयांच्या जुन्या याद्या, देवघेवीच्या नोंदवह्या, पाठ्यपुस्तकांसाठी नेमलेल्या पुस्तकांच्या याद्या.
- लेखकांची पत्रे, आत्मचरित्रे, चरित्रकोश.
- साक्षरता, शिक्षण आणि व्यवसाय यांविषयीची जनगणनेची आकडेवारी.
- संगणकावरील साधा तक्ता. महागड्या संगणकप्रणालीची सुरुवातीला काहीच गरज नसते.
- वाचकांच्या मुलाखती घेणार असाल तर संमतिपत्राचा नमुना आणि तुमच्या संस्थेतील नैतिकता समितीची परवानगी. या परवानगीला वेळ लागतो. अर्ज सर्वांत आधी करा.

३. ‘नाही’ असे उत्तर येऊ शकेल असा प्रश्न घडवा

‘या कादंबरीत वर्गसंघर्षाचे चित्रण कसे आले आहे?’ या प्रश्नात उत्तर आधीच गृहीत धरलेले आहे. त्याऐवजी असे विचारा: ‘या वीस वर्षांतल्या कादंबऱ्यांमध्ये घरकाम करणाऱ्या पात्रांना नाव, थेट संवाद आणि मनोगत मिळण्याचे प्रमाण बदलले का? बदलले असल्यास ते लेखकांच्या सामाजिक पार्श्वभूमीबरोबर बदलले, की प्रकाशनसंस्थेबरोबर?’ याचे उत्तर काहीही येऊ शकते. प्रमाण बदललेच नाही असे आढळले तरी ते एक निरीक्षण ठरते आणि त्याचे कारण शोधता येते.

घरकामगार पात्रांचा हाच प्रश्न पुढे उदाहरणादाखल वापरला आहे.

४. दृष्टिकोन निवडा, पण त्याची जुनी भांडणेही वाचा

या क्षेत्राची कहाणी साधारणपणे मादाम द स्ताल यांच्या १८०० सालच्या ग्रंथापासून सांगितली जाते. साहित्याचा धर्म, रीतिरिवाज आणि कायदे यांच्याशी असलेला संबंध त्यांनी तपासला. पुढे इपोलित तेन याने १८६३ पासून प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी साहित्याच्या इतिहासात वंश, परिसर आणि काळ ही त्रिसूत्री मांडली. आज तेन केवळ इतिहास म्हणून वाचावा. त्यातली वंशाची कल्पना टिकणारी नाही, आणि ‘परिसर’ इतका सैल आहे की त्यात काहीही बसते. मात्र नव्या अभ्यासकांच्या लेखनात तेन नाव न घेता वारंवार डोकावतो. ‘त्या काळी परिस्थितीच तशी होती, म्हणून साहित्यही तसे झाले’ हे वाक्य तुमच्या मसुद्यात सापडले, तर तुम्ही त्याच्याच वाटेवर आहात असे समजा.

मार्क्सवादी परंपरेत मूळ ग्रंथांपेक्षा त्यांच्यावरच्या सुलभ टिपणांवर विसंबण्याची चूक फार होते. पाया (समाजाची अर्थव्यवस्था) आणि इमला (तिच्यावर उभे राहिलेले कायदा, कला, विचार) यांचे सूत्र पाठ करून ते कोणत्याही कादंबरीवर बसवणे सोपे असते. जॉर्ज लुकाच मात्र आपल्या तरुणपणीच्या लेखनात साहित्यातील खरे सामाजिक तत्त्व आकृतिबंधात असते अशी भूमिका घेतो, आणि हा मुद्दा मला आजही सर्वांत कामाचा वाटतो. कथेचा विषय तर लेखक जाणीवपूर्वक निवडतो. कोणाच्या नजरेतून सांगायचे, कुठे थांबायचे, कोणाला आडनाव द्यायचे हे निर्णय तो बऱ्याचदा नकळत घेतो, आणि समाज तिथेच अधिक खोलवर काम करत असतो.

ल्युसियाँ गोल्डमान याने १९५५ साली विचारवंत पास्काल आणि नाटककार रासीन यांच्यावर केलेला अभ्यास अवघड असला तरी एकदा नेटाने वाचावा. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये न्यायालयीन पदांमुळे उमरावपद लाभलेला एक अधिकारीवर्ग होता. त्याचे सारे अस्तित्व राजसत्तेवर अवलंबून होते, आणि तीच राजसत्ता त्याचे अधिकार हळूहळू काढून घेत होती. सत्तेचा निषेध करावा तर आधार जातो, आणि स्वीकार करावा तर मान राहत नाही. या कोंडीची रचना आणि ज्या जगात राहणे अशक्य पण जे सोडणेही अशक्य, जिथे ईश्वर पाहतो पण बोलत नाही, अशा जगाची शोकात्म दृष्टी यांत गोल्डमानला समांतर रचना दिसली. त्याने पात्रे आणि माणसे यांची जोडी लावली नाही, रचनेची तुलना रचनेशी केली. धोका असा, की अशी समांतरता शोधायला बसले की ती कुठेही सापडते. म्हणून त्या गटाचा आणि लेखकाचा प्रत्यक्ष संबंध दाखवता येत असेल, तरच ही पद्धत वापरा. गोल्डमानकडे जान्सेनवाद या कडक कॅथलिक पंथाचा दुवा होता: या अधिकारीवर्गाचा आणि त्या दोन्ही लेखकांचा त्या पंथाशी संबंध होता.

पिएर बूर्द्यू याची क्षेत्राची संकल्पना, म्हणजे लेखक, प्रकाशक, समीक्षक जिथे प्रतिष्ठेसाठी एकमेकांशी झुंजतात ते स्वतःचे नियम असलेले जग, सध्या सर्वाधिक उद्धृत होते. १९९२ च्या आपल्या ग्रंथात त्याने एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच साहित्यक्षेत्राची मांडणी दोन ध्रुवांत केली: एकीकडे बाजारासाठी लिहिणारे, तर दुसरीकडे आपल्यासारख्याच लेखकांसाठी लिहिणारे. दुसऱ्या ध्रुवावर आर्थिक अपयश हीच प्रतिष्ठेची खूण बनू शकते. हा नकाशा उचलून दुसऱ्या भाषेच्या साहित्यावर जसाच्या तसा ठेवू नका. जिथे लेखक नोकरी सांभाळून लिहितो आणि मान पुरस्कार, अभ्यासक्रम व संमेलने यांतून मिळतो, तिथले ध्रुव तुम्हालाच शोधावे लागतील. एका क्षेत्रात कोण कोणाचे परीक्षण लिहितो आणि कोण कोणाचा उल्लेखही टाळतो याचा तक्ता केला, तरी बरेच काही उघड होते.

५. मधली साखळी शोधा

घाई असेल तर इतर टप्पे आटोपशीर करा, पण हा करू नका. दोन दाखले देतो.

पहिला दाखला विक्टोरियाकालीन इंग्रजी कादंबरीचा. तिच्या लांबीचे, उपकथानकांचे आणि सोज्वळपणाचे स्पष्टीकरण अनेकदा ‘त्या काळची मध्यमवर्गीय मूल्ये’ असे दिले जाते. आता व्यवहार पाहा. नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे, म्हणजे सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर. १८४२ साली सुरू झालेल्या म्यूडीच्या ग्रंथालयात वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, वर्गणी भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई. तीन खंड असले की एकच कादंबरी एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरे. ग्रंथालय मोठी खरेदी करी, त्यामुळे प्रकाशक निर्धास्त असे. लेखकाला मात्र तीन खंड भरावे लागत आणि कुटुंबात मोठ्याने वाचता येणार नाही असे काही आले तर ग्रंथालय ते पुस्तक घेतच नसे. १८९४ साली म्यूडी आणि स्मिथ या दोन मोठ्या ग्रंथालयांनी खंडाला चार शिलिंगांपेक्षा जास्त देणार नाही असे कळवले, आणि थोड्याच वर्षांत तीन खंडांची कादंबरी जवळपास नाहीशी झाली. मध्यमवर्गीय मूल्ये एवढ्या थोड्या वर्षांत बदलली नव्हती. म्हणजे लांबीचे कारण ग्रंथालयाच्या हिशेबात अधिक होते. सोज्वळपणात मूल्यांचाही वाटा होता, पण तीही वर्गणीदाराच्या मार्फतच लेखकापर्यंत पोचत होती.

दुसरा दाखला वेंडी ग्रिसवोल्ड यांच्या १९८१ च्या शोधनिबंधातला. अमेरिकी कादंबरीतला नायक घरसंसार सोडून रानावनात किंवा समुद्रावर जातो, इंग्रजी कादंबरी प्रेम आणि विवाहात रमते, आणि या फरकामागे अमेरिकी राष्ट्रीय स्वभाव आहे असे समीक्षेत रूढ झाले होते. ग्रिसवोल्ड यांनी कायद्याकडे लक्ष वेधले. १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण नव्हते. इंग्रजी कादंबरी मानधन न देता छापता येत असताना देशी लेखकाला पैसे देऊन तशीच कादंबरी कोण छापणार? त्यामुळे देशी लेखकाला वेगळे विषय धरावे लागले. १८९१ च्या कायद्याने ही सवलत गेली आणि विषयांमधले अंतर कमी होत गेले. विशेष म्हणजे हा फक्त तर्क राहिला नाही, कायद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कादंबऱ्यांचा नमुना घेऊन तो पडताळला गेला.

तुमच्या विषयासाठी असे विचारा: या लेखनाला किंमत, पृष्ठसंख्या, मासिकाची जागा, परवाना, पाठ्यपुस्तकात नेमणूक, कायदा यांपैकी कशाने आकार दिला? ती गोष्ट कधी बदलली? बदलण्याआधीचे आणि नंतरचे लेखन मिळते का? तारीख पक्की असलेला एखादा बदल सापडला, तर अर्धा आराखडा तयार झाला असे समजायला हरकत नाही.

६. नमुना निवडताना यादी कोणी केली ते पाहा

रेमंड विल्यम्स याने १९६१ च्या ग्रंथात १४७० ते १९२० या काळात जन्मलेल्या सुमारे ३५० इंग्रजी लेखकांची सामाजिक पार्श्वभूमी, शिक्षण आणि उपजीविका तपासली. काम मोलाचे आहे, पण अशा अभ्यासात लेखकांची नावे वाङ्मयेतिहास आणि चरित्रकोश यांतूनच येतात, आणि कोणाचे नाव कोशात यावे हे ठरवण्यात समाजाचा हात आधीच लागलेला असतो. स्त्रिया, टोपणनावाने लिहिणारे आणि करमणुकीचे लेखन करणारे तिथे कमी भेटतात. फ्रँको मोरेट्टी याच्या अंदाजानुसार एकोणिसाव्या शतकात प्रकाशित झालेल्या ब्रिटिश कादंबऱ्यांपैकी आज वाचल्या जाणाऱ्या प्रतिष्ठित कादंबऱ्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरतात.

म्हणून गाजलेल्या पाच कादंबऱ्या घेऊन ‘त्या काळातील कादंबरी’ असे म्हणू नका. ‘समीक्षकांनी गौरवलेल्या कादंबऱ्या’ असे म्हणा, किंवा प्रकाशकांच्या सूचीतून दर पाच वर्षांतली ठरावीक संख्येने पुस्तके निवडा. निवडीचा नियम पुस्तके वाचण्यापूर्वी लिहून ठेवा. आवडते पुस्तक नमुन्यात आले नाही म्हणून नियम बदलण्याची इच्छा होईल, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

७. संहिता वाचताना नोंदी रूपाच्या करा

घरकामगार पात्रांच्या उदाहरणासाठी तक्त्यात असे रकाने करता येतील: पात्राला नाव आहे की ‘बाई’, ‘गडी’ एवढेच, आडनाव आहे का, बोलणे अवतरणचिन्हांत येते की निवेदक सारांशाने सांगतो, त्याची भाषा निवेदकाच्या भाषेपेक्षा वेगळी लिहिली आहे का, मनातले विचार एकदा तरी येतात का, मालकांच्या अनुपस्थितीत ते पात्र दिसते का, ते कथेतून बाहेर कसे जाते. हा शेवटचा रकाना भरताना लक्ष द्या. पुष्कळ कादंबऱ्यांत असे पात्र मरत नाही, नोकरीही सोडत नाही, एका प्रकरणानंतर ते नुसते उल्लेखातून गळते. ते जिथे गळते तो पृष्ठक्रमांक टिपून ठेवा.

पहिल्या दोन-तीन पुस्तकांच्या नोंदी सहकाऱ्याकडूनही स्वतंत्रपणे करून घ्या आणि जुळतात का ते पाहा. ‘पात्राबद्दल सहानुभूती आहे का’ असा रकाना ठेवलात तर नोंदी जुळणार नाहीत. ‘थेट संवाद आहे का’ यावर मतभेद फारसा होत नाही.

तक्ता भरला म्हणजे विश्लेषण झाले असे मात्र नाही. आकडे तुम्हाला कोणता उतारा सावकाश वाचायचा ते दाखवतात. नियमाला अपवाद ठरणारी एखादी कादंबरी सापडली तर तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिण्याइतका वेळ राखून ठेवा.

८. वाचकांविषयी बोलायचे असेल तर वाचकांकडे जा

‘वाचकांवर या कादंबरीचा खोल परिणाम झाला’ हे वाक्य पुराव्याशिवाय लिहू नये. १९६७ मध्ये हान्स रॉबर्ट याउस याने मांडलेली अपेक्षाक्षितिजाची कल्पना, म्हणजे वाचक पुस्तकाकडून आधीच कोणत्या अपेक्षा घेऊन येतो, जुन्या काळासाठी उपयोगी आहे, कारण परीक्षणांवरून त्या काळी काय अपेक्षित होते याचा अंदाज बांधता येतो. पण परीक्षण लिहिणारा हा सामान्य वाचक नव्हे हे ध्यानात ठेवा.

हयात वाचकांसाठी जॅनिस रॅडवे यांचा १९८४ चा अभ्यास अजूनही आदर्श आहे. अमेरिकेतील एका शहरात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या ४२ स्त्रियांना त्यांनी प्रश्नावली दिली आणि काहींच्या मुलाखती घेतल्या. कथानकांचे विश्लेषण करून या कादंबऱ्या स्त्रीला पारंपरिक चौकटीतच ठेवतात असे म्हणता आले असते, आणि तेही एका मर्यादेत खरे आहे. वाचकांशी बोलल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली: हातात पुस्तक असेपर्यंत घरच्यांनी आपल्याला काही मागू नये, हा वेळ आपला, असे या स्त्रिया वाचनाकडे पाहत होत्या. हे संहितेत कितीही शोधले तरी सापडले नसते. मुलाखतीत म्हणूनच पुस्तकाच्या अर्थाइतकेच कधी, कुठे, कोणाच्या नजरेसमोर आणि कोणती कामे मागे ठेवून वाचता, हेही विचारा.

९. लेखन आणि तोंडी परीक्षा

प्रकरणांची मांडणी करताना ‘सामाजिक पार्श्वभूमी’ नावाचे साठ पानी पहिले प्रकरण लिहू नका. ते लिहायला सोपे असते म्हणूनच लांबते, आणि पुढच्या प्रकरणांत त्यातले काहीच वापरले जात नाही. इतिहासातली प्रत्येक माहिती जिथे युक्तिवादाला लागते तिथेच द्या. तक्त्याचे नियम, नमुन्याची यादी आणि प्रश्नावली परिशिष्टात पूर्ण द्या. परीक्षक ती पाने आधी उघडतात.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: ‘हे सगळे ठीक, पण ही कादंबरी चांगली आहे की वाईट?’ यावर समाजशास्त्राचा गुणवत्तेशी संबंध नाही असे झटकून उत्तर देऊ नका, कारण तुम्ही काही पुस्तके निवडली आणि काहींवर अधिक पाने खर्च केली, त्यात मूल्यनिर्णय आलाच. तुमच्या अभ्यासात गुणवत्ता गृहीत धरली आहे, बाजूला ठेवली आहे, की ती कोणी आणि कशी ठरवली हाच अभ्यासाचा विषय आहे, हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात लिहा. तो परिच्छेद आराखड्याच्या वेळीच मार्गदर्शकांना दाखवा, कारण त्यावर त्यांचे आणि तुमचे मत वेगळे असेल तर नमुन्याची यादीच बदलावी लागते.